राज्य बदलण्याआधी रायफलच्या नळीचं टोक बघा

टेक्सासहून न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात बिऱ्हाड हलवताय आणि सामानात सेमीऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल आहे? मग ट्रक ठरवायच्या आधी नळीच्या टोकाला काय बसवलंय ते बघा. (एच-१बी वाल्यांनी त्याही आधी स्वतःचे कागद बघावेत; शिकारीच्या चालू परवान्यासारखी सवलत नसेल तर बंदूक जवळ बाळगणंच फेडरल गुन्हा आहे.)

कॅलिफोर्नियात सेमीऑटो सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलचं मॅगझिन सुटं होत असेल, तर फ्लॅश हायडर (नळीच्या टोकावरचा, लखलखाट लपवणारा तुकडा) एकटाच तिला ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे बंदीतलं शस्त्र, ठरवायला पुरतो. मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) चालतो, पण खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. गोळी सुटतानाचा लखलखाट नेमबाजाच्या नजरेआड करणारी वस्तू तिथे फ्लॅश सप्रेसरच (फ्लॅश हायडरचंच कायद्यातलं नाव) धरतात. न्यूयॉर्क आणखी कडक: २०१३ च्या सेफ ॲक्टनुसार सुट्या मॅगझिनच्या सेमीऑटोवर ब्रेक, कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी रोखणारा तुकडा), अगदी हे तुकडे बसवायचे नळीवरचे रिकामे आटेसुद्धा बाद. शिकारीच्या बोल्ट ॲक्शनला (दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करावा लागणाऱ्या रायफलला) हे लागू नाही. न्यू जर्सीत अशा दोन खुणा भरल्या की रायफल बाद. पिस्तुली मूठ ही एक झालीच आणि उघडे आटे ही दुसरी, म्हणून तिथे आटे झाकायला ब्रेक कायमचा जोडून घेतात.

कायमचा म्हणजे पाना लावून घट्ट केलेला नव्हे. पिन ठोकून वरून वेल्ड, सगळीकडून वेल्ड, किंवा ११०० अंश फॅरनहाइटला वितळणारा चांदीचा डाग (सोल्डर), एवढंच फेडरल नियम मानतात. काम देण्याआधी बोल्ट बंद करून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, आत काठी घालून नळी मोजा. साडेचौदा इंची नळी पिन केलेल्या ब्रेकमुळेच सोळाची भरत असेल, तर तो उतरवताक्षणी हातात नोंदणी नसलेली शॉर्ट बॅरल (सोळा इंचांहून आखूड नळीची) रायफल येते. ही चूक फार महागात पडते.

सप्रेसर (आवाज दाबणारा सायलेन्सर; वरचा फ्लॅश सप्रेसर नव्हे) मात्र या तिन्ही राज्यांत नेऊच नका. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा फेडरल कर शून्य झाला, पण नोंदणी कायम आहे आणि राज्यांची बंदीही. मित्राच्या कपाटात ठेवून निघणं हेही बेकायदा हस्तांतरण ठरू शकतं. रीतसर विकून टाकलेला बरा.

हे सगळं काम टेक्सासमध्येच उरका. वाटेतल्या राज्यांत १९८६ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण मिळतं, पण रायफल रिकामी, हाताला न येणारी हवी आणि मुक्कामाच्या राज्यातही कायदेशीर हवी.