ओकावांगोच्या तंबूत मुक्कामाला जाताना

बोत्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशातल्या आलिशान तंबूंमध्ये राहायचे, तर पैसे मुख्यतः एकांताचे मोजावे लागतात. त्यामुळे कॅम्प निवडताना तंबूत काय काय सोयी आहेत यापेक्षा तो कोणत्या जमिनीवर उभा आहे, हे आधी विचारावे. मोरेमी अभयारण्याच्या हद्दीत गाडी ठरलेल्या वाटांवरूनच न्यावी लागते आणि अंधार पडल्यावर फिरता येत नाही. त्याला लागून असलेल्या खासगी राखीव क्षेत्रांत मात्र वाट सोडून प्राण्याचा माग काढण्याची, रात्री फिरण्याची आणि सशस्त्र गाइडबरोबर पायी चालण्याची सहसा मुभा असते. माझ्या मते दोन कॅम्पांत दोन-दोन रात्री काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार रात्री राहणे केव्हाही चांगले, कारण आदल्या दिवशी पाहिलेला सिंहांचा कळप दुसऱ्या दिवशी कुठे गेला, याचा माग घेण्यातच खरी रंगत आहे.

काळ ठरवताना पाण्याचा हिशेब समजून घ्यावा. येथे पसरणारे पाणी अंगोलाच्या डोंगराळ भागातील पावसाचे असते आणि सपाट जमिनीवरून सरकत येण्यास त्याला काही महिने लागतात. म्हणूनच स्थानिक आकाश कोरडे असते, त्या जून ते ऑगस्टच्या सुमारास पूर सर्वांत जास्त असतो. मोकोरो, म्हणजे लांब काठीने ढकलत नेण्याची उथळ होडी, हवी असेल, तर त्या विशिष्ट कॅम्पजवळ तेव्हा पुरेसे पाणी असते का, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

मौन या शहराहून पुढचा प्रवास छोट्या विमानाने मातीच्या धावपट्टीपर्यंत होतो. सामानाची मर्यादा बहुधा हातातल्या पिशवीसह २० किलो असते आणि बॅग मऊ, बिनचाकी लागते, कारण विमानाच्या पोटातील अरुंद कप्प्यात कडक बॅग बसत नाही. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे घ्यावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे चावणाऱ्या त्सेत्से माश्या आकर्षित होतात. जून-जुलैत पहाटे उघड्या गाडीत बोचरी थंडी वाजते, म्हणून लोकरी टोपी व हातमोजे विसरू नयेत. मलेरियाच्या गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

बहुतेक कॅम्पांना कुंपण नसते आणि हत्ती तंबूंच्या मधून चालत जातात, ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी नीट मनावर घ्यावी. अंधार पडल्यानंतर कॅम्पच्या माणसाशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नये. जेवणाला नेण्यासाठी माणूस येतो, तो येईपर्यंत थांबावे. तंबूची चेन दिवसाही पूर्ण ओढून घ्यावी, नाहीतर माकडे आणि बबून आत शिरून सामान विस्कटतात. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत. वीज बहुधा सौरऊर्जेची असते, त्यामुळे केस वाळवण्याचे यंत्र चालेल असे गृहीत धरू नये आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दुपारीच भरून ठेवाव्यात.

गाडीत उभे राहू नये. प्राणी गाडी आणि माणसे मिळून एकच आकार पाहतात. त्या आकारातून कोणी वेगळे उठून दिसले की ते बिथरतात किंवा निघून जातात. गाइडला फक्त मोठे प्राणी दाखवण्याचा आग्रह करू नये. तो वाळूतला ठसा ताजा कसा ओळखतो, हे विचारावे. वाऱ्याने ठशाची कड किती ढासळली आहे, त्यावर किड्यांच्या वाटा उमटल्या आहेत का, हे तो दाखवील, आणि मग तुम्हीही जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागाल. बक्षिशीची रक्कम घरून निघतानाच बाजूला काढावी. अमेरिकन डॉलर किंवा स्थानिक चलन पुला, दोन्ही चालतात.

रात्री मात्र झोपेची घाई करू नये. दिवा मालवून कॅनव्हासच्या भिंतीपलीकडे कान द्यावा. जवळच गवत कचाकच तोडल्याचा आवाज आला, तर पाणघोडा चरत असण्याची शक्यता मोठी. लाकूड करवतीने कापल्यासारखा खरखरीत, तालबद्ध आवाज हा बिबट्याचा. पहाटे कॉफी घेऊन माणूस आला, की त्याच्याबरोबर उतरून पायऱ्यांखालच्या वाळूकडे पाहावे, कारण थोड्याच वेळात वाटा झाडल्या जातात आणि रात्री कोण येऊन गेले ते पुसले जाते.