पुण्यात दोन दिवस: पेठा पायी, सिंहगड आडवारी

पुणं बघायला आलेल्या माणसाचा वेळ दोन ठिकाणी वाया जातो: पेठांत गाडी लावायला जागा शोधताना आणि दुपारी एक ते चार बंद असलेल्या दुकानांच्या दारात. दोन्ही टाळता येतं. जुनं शहर सकाळी पायी बघा, दुपार छपराखाली काढा, खरेदी संध्याकाळी करा. बाकी सगळं या हिशोबाने बसवायचं.

आधी उतरायचं कुठे ते बघू. शिवाजीनगरचं एसटी स्थानक 2019 च्या अखेरीला वाकडेवाडीला हलवलं. नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या गाड्या तिथे लागतात. बोलताना लोक अजून शिवाजीनगरच म्हणतात, त्यामुळे परतीची गाडी पकडताना रिक्षावाल्याला वाकडेवाडी असंच सांगा. सातारा-कोल्हापूरच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच खासगी बस वाकडला किंवा चांदणी चौकात उतरवतात. चांदणी चौकात उतरलात तर थेट हॉटेलपर्यंत रिक्षा करू नका. वनाज मेट्रो स्टेशनपर्यंतच करा, पुढे मेट्रोने कर्वे रस्त्याची गर्दी वरच्यावर ओलांडता येते. रेल्वेच्या काही गाड्या पुणे स्टेशनऐवजी हडपसरला थांबतात किंवा तिथूनच सुटतात, तेव्हा तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा.

मेट्रोचे दोन मार्ग आहेत: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) स्टेशनला एकमेकांना छेदतात. तिथे एक मार्ग उंच पुलावर आणि दुसरा जमिनीखाली तीसेक मीटर खोल आहे. सरकते जिने एकामागून एक उतरावे लागतात, म्हणून गाडी बदलायला सात-आठ मिनिटं धरा. सोबत म्हातारी माणसं असतील तर लिफ्ट शोधा. रिक्षा मीटरनेच करा. 2022 मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये होतात. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट.

स्वतःची गाडी पेठांत आणूच नये, हे आमचं स्पष्ट मत. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे एकेरी आहे आणि बाजीराव रस्ता त्याच्या उलट दिशेने. एक वळण चुकलं की सगळा वळसा पुन्हा घालावा लागतो. रस्त्याकडेला 'पी 1' आणि 'पी 2' अशा पाट्या दिसतील. पी 1 च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी 2 च्या बाजूला सम तारखेला. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो बाकीच्या गाड्या बघून लावतो आणि परत येईपर्यंत गाडी उचललेली असते. आणावीच लागली तर मंडईजवळच्या महापालिकेच्या बहुमजली वाहनतळात लावा, तेही सकाळी. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे जागा मिळत नाही.

पायी फेरीची सुरुवात कसबा पेठ मेट्रो स्टेशनपासून करा, आठच्या सुमारास. आधी ग्रामदैवत कसबा गणपती, मग लाल महाल, तिथून शनिवारवाडा. वाडा 1732 मध्ये उभा राहिला आणि 1828 च्या आगीत आतला लाकडी भाग जळून गेला. त्यामुळे आत महाल असेल अशी कल्पना करून जाऊ नका. आत जोती, कारंजी आणि बाग आहे. बघण्यासारखा आहे तो दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर माणसाच्या डोक्याच्याही वर टोकदार खिळे ठोकलेले आहेत. दाराच्या आत लगेच वाट वळते, म्हणजे घुसणाऱ्याला सरळ धावताच येऊ नये. मग नगारखान्याच्या मजल्यावर चढा. उन्हाळ्यात दहाच्या आत बाहेर पडा, आत सावली फार कमी आहे.

पुढे शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपती. दर्शनाची रांग मोठी असली तर थांबू नका, मूर्ती रस्त्यावरूनही दिसते. मंगळवारी आणि संकष्टीला गर्दी दुप्पट, हे धरूनच चला. तिथून महात्मा फुले मंडई दहा मिनिटांवर आहे. 1886 ची ही दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि खाली उंच गाळ्यांवर बसलेले भाजीवाले. इथे घाई करू नका. भाजी घ्यायची नसली तरी एक चक्कर मारा, फोटो काढताना मात्र गाळेवाल्याला विचारा.

एव्हाना अकरा-साडेअकरा होतात. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्याची कोरीव लाकडी सज्जा बघून राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. संग्रहालय सकाळी दहा ते साडेपाच उघडं असतं. अडकित्ते, दिवे, दरवाजे आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल एवढं नीट बघायला दोन तास लागतात. अर्ध्या तासात उरकणार असाल तर नुसते दिवे आणि अडकित्ते बघा. दुपार अशी निघून जाते. चारनंतर तुळशीबागेत शिरा: भातुकलीची पितळी भांडी, पूजेचं साहित्य, कानातली-बांगड्या. दुकानात भाव ठरलेला असतो, फिरत्या विक्रेत्याशी घासाघीस चालते. सगळी फेरी अडीच-तीन किलोमीटरची आहे, सपाट रस्त्याने.

कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रुजबेरी बिस्किटं न्यायची असतील तर रविवार सोडून जा. रविवारी बेकरी बंद असते.

आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर आहे. त्यासाठी कल्याणीनगर मेट्रोला उतरा आणि थोडी रिक्षा करा. 1942 पासून गांधीजी इथे स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई इथेच गेले. समाध्या मागच्या बाजूला आहेत आणि बरेच लोक त्या न बघताच परततात.

दुसरा दिवस सिंहगडासाठी, पण शनिवार-रविवारी नको, पावसाळ्यात तर मुळीच नको. घाटरस्ता अरुंद आहे. वरचं वाहनतळ भरलं की खालच्या गाड्या अडवतात आणि दोन-दोन तास घाटातच जातात. दरड पडली तर रस्ताच बंद. आडवारी पीएमपीची (शहर बससेवेची) 50 क्रमांकाची बस पकडून पायथ्याला उतरा आणि आतकरवाडीहून चढा. सवयीच्या माणसाला तास, नवख्याला दीड-पावणेदोन तास. सातच्या आत चढायला लागा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. अवेळी पाऊस आला तर दगड निसरडे होतात, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. वर तानाजी मालुसऱ्यांची आणि राजाराम महाराजांची समाधी, देवटाके आणि कल्याण दरवाजा बघून मग पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही. भाकरी ताजी करून देतात, त्यामुळे वीस मिनिटं लागतात. गडावर पोचल्या पोचल्या सांगून ठेवा आणि मग फिरायला जा.