नाशकात कुठे, कधी आणि काय खायचं

नाशकात बाहेर खायचं तर आधी घड्याळ बघा, मग पत्ता. दुपारी दोननंतर मिसळ शोधली तर भांड्याच्या तळाचा, आटून खारट झालेला रस्सा वाट्याला येतो. दाल-पकवान सकाळीच संपतं आणि जुन्या नाशकातले कबाब दिवस मावळल्याशिवाय शेगडीवर चढत नाहीत. त्यामुळे दोन सकाळी आणि एक संध्याकाळ हाताशी ठेवा, एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका.

पहिली सकाळ मिसळीची. गंगापूर-सातपूर लिंक रोडच्या बाजूची ‘साधना’ चुलीवरच्या मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे रविवारी साडेआठपर्यंत पोचलात तर ठीक, दहानंतर नाव लिहून ताटकळत बसावं लागतं. गर्दी नको असेल तर पंचवटी कारंजावरची ‘अंबिका’, मेन रोडवरचं ‘भगवंतराव’ किंवा सातपूरची ‘शामसुंदर’ गाठा, तेही शक्यतो आडवारी.

नाशिकच्या काळ्या रश्श्याने नवखा माणूस हमखास फसतो. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून, खड्या मसाल्यासोबत वाटलेला हा रस्सा पहिल्या घासाला सौम्य लागतो. तिखटपणा मागून येतो, घशात. म्हणून सगळी वाटी एकदम ओतू नका. आधी निम्मा रस्सा घाला, मटकी आणि शेव-फरसाण चार घासांत खा, मग उरलेला घ्या. नाहीतर फरसाणाचा लगदा होतो आणि प्लेट अर्ध्यावर राहते. तिखट सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच ‘तर्री कमी’ म्हणा; वर तरंगणारं तेल काढलं की निम्मं काम होतं. दहीही सगळं कालवू नका. गार दह्याने रस्सा कोमट होतो, चव बसते. ते बाजूला ठेवून मधूनमधून चमच्याने खा. तोंड पोळलं तर पाण्याचा काही उपयोग नाही, ताक मागवा. चौघं असाल आणि त्यातलं एक लहान मूल असेल तर तीन मिसळी आणि जादा पाव पुरतात, कारण रस्सा बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात.

दुसरी सकाळ देवळाली कॅम्पात घालवा. फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी कुटुंबांमुळे बाजारात दाल-पकवान मिळतं. पकवान म्हणजे कडक तळलेली मैद्याची पुरी. डाळ त्यावर ओतून घेऊ नका, पुरी मोडून डाळीत बुडवा. नऊच्या आत पोचलेलं बरं.

जुन्या नाशकात मात्र गाडी नेऊच नका. मेन रोड, दहीपूल, भद्रकाली या भागात गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंगची जागा शोधण्यात भूक मरते. शालिमारला उतरा आणि पायी चला. रिक्षा केलीत तर भाडं बसण्याआधीच ठरवा, मीटरच्या भरवशावर राहू नका. चार वाजता ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा घ्या, पण घाणा नुकताच काढलेला असेल तरच. गार झाला की साबुदाणा चिवट होतो. तिथून पुढे बुधा हलवाईची जिलेबी, एकाला शंभर ग्रॅम भरपूर झाली.

अंधार पडला की दूध बाजार आणि चौक मंडईकडे वळा. सीख कबाब, बिर्याणी आणि रमजानमध्ये इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत चालणारे ठेले. ऑर्डर देण्याआधी ‘छोटे का की बडे का?’ एवढं विचारा. छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीचं. विचारलं म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही. बिर्याणी वजनावर मिळत असेल तर दोघांना अर्धा किलो पुरे. हे खाणं नदीपलीकडे रामकुंडाच्या परिसरात शोधू नका, तिथे शाकाहारीच मिळेल.

खानदेशी जेवणासाठी थाळीपेक्षा सुटे पदार्थ मागवा. शेवभाजी घेताना ‘शेव वेगळी द्या’ असं सांगा आणि ताटात रस्सा घेतल्यावरच ती घाला. आधीच घातलेली शेव पाच मिनिटांत विरघळते. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. भरीत फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीतच मागवावं. तेव्हा जळगावकडची हिरवी भरताची वांगी येतात (त्यांना भौगोलिक मानांकनही आहे). एरवी मिळतं ते नुसतं भाजलेलं वांगं. मटण थाळी घेतलीत तर पीस किती आणि भाकरी किती हे आधी विचारा. रस्सा कितीही वाढला तरी पीस मोजूनच येतात.

गंगापूर धरणाच्या बाजूला ‘सुला’ आणि इतर वायनरी आहेत. जेवण शहरापेक्षा महाग, तिथे पैसे जागेचे. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ असल्याने शनिवार-रविवारी आधी टेबल राखून ठेवा. गाडी चालवणाऱ्याने चाखायचं नाही, हे निघतानाच ठरलेलं असावं. शिवाय 26 जानेवारीला कोरडा दिवस (ड्राय डे) असतो. जोडून सुट्टी घेऊन मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी दरवर्षी त्या दिवशी द्राक्षाचा रस पिऊन परततात.

श्रावणातल्या सोमवारी, त्यातही ब्रह्मगिरी फेरीच्या (त्र्यंबकच्या डोंगराच्या प्रदक्षिणेच्या) तिसऱ्या सोमवारी, गर्दीमुळे त्र्यंबक रस्त्यावरचा जेवणाचा बेत रद्द करा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला पंचवटीत गाडीने जाण्याचा विचारही नको.

चिवडा सगळ्यात शेवटी, परतीच्या वाटेवर घ्या. कोंडाजीचा कांदा चिवडा गाडीत उन्हात राहिला की तेल सुटून पिशवीला लागतं. घरी पोचल्यावर लगेच डब्यात भरा, आणि डबा पूर्ण कोरडा आहे ना ते बघा.