सहा स्प्रिंट, दोन आकडे

पहिला स्प्रिंट झकास, पण चौथ्याला पाय जड. अशा फुटबॉलपटूला सरळ मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्याआधी मोजून बघा.

एकमेकांपासून २० मीटरवर दोन शंकू (ट्रेनिंग कोन) ठेवा. चांगलं वॉर्म-अप करून आधी एकच स्प्रिंट: जा, वळा, परत या. वेळ टिपा. पाच मिनिटांनी तसेच सहा, प्रत्येकाच्या मधे २० सेकंद विश्रांती. पहिलाच स्प्रिंट त्या एकट्या स्प्रिंटपेक्षा ५ टक्क्यांहून हळू आला, तर गडी दम राखून पळतोय. चाचणी थांबवा, पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. स्टॉपवॉच सगळ्या स्प्रिंटना एकाच माणसाच्या हातात हवं आणि विश्रांती घड्याळावरच मोजायची. अंदाजाने वीसाचे पंचवीस कधी होतात कळतही नाही.

आता हिशेब. समजा, एकाची सर्वोत्तम वेळ ७.१० सेकंद, सहांची बेरीज ४४.४८. सहाही सर्वोत्तम वेळेत झाले असते तर ७.१० गुणिले ६ म्हणजे ४२.६०; बेरीज त्याहून जितकी जास्त ती घसरण, इथे ४.४ टक्के. दुसऱ्याची सर्वोत्तम ७.४०, बेरीज ४४.८७, घसरण फक्त १.१ टक्के. कागदावर दुसरा दमदार वाटतो, पण सहाही स्प्रिंट धरले तरी पहिलाच पुढे आहे! म्हणून नुसत्या टक्क्यांवर संघ निवडू नका.

स्प्रिंटची बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनशिवाय येते: स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जेचा छोटा साठा) आणि ग्लायकोजेन (साठवलेली साखर). वेग त्यातूनच. पण संपलेलं फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो, आणि पूर्ण भरायला काही मिनिटं जातात. २० सेकंदांत अर्धवटच भरतं. शिवाय पुढच्या स्प्रिंटमध्ये ग्लायकोजेनचा वाटा घटतो, ऑक्सिजनचा वाढतो. शेवटचे दोन स्प्रिंट एरोबिक, म्हणजे ऑक्सिजनवर चालणाऱ्या, दमावर तगतात ते असे.

म्हणून जास्त घसरणाऱ्या पहिल्या गड्याला आठवड्यातून दोनदा चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या द्या, हृदयगती कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्के, मधे तीन मिनिटं हळू जॉगिंग. वेग कमी असलेल्या दुसऱ्याला ३० मीटरचे सहा ते आठ पूर्ण जोराचे स्प्रिंट, मधे दोन-तीन मिनिटं थांबून. घाईत ही विश्रांती कापली की वेगाचा सराव दमाचा होऊन बसतो, आणि दमलेल्या पायांवर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जायची भीती वेगळीच. सामन्याच्या आदल्या दिवशी यातलं काहीच नको.