नायक तगडा, गोष्ट लेचीपेची: या चुका टाळा

पहिल्या दहा मिनिटांत नायक वीस गुंड लोळवतो. अकराव्या मिनिटाला कटसीन (खेळाडूने नुसता बघायचा प्रसंग) लागतो, एक हवालदार त्याची कॉलर धरतो आणि हा निमूट गाडीत जाऊन बसतो. मुंबईतल्या कुठल्याही गेम जॅमला (ठरावीक वेळात व्हिडिओ गेम बनवायच्या मेळाव्याला) चक्कर टाका, असला एखादा गेम टेबलावर मांडलेला असतोच. करणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "स्टोरीसाठी त्याला पकडणं गरजेचं होतं." मग ते वीस गुंड कशाला दिलेत, राजा?

नायक तगडा असण्यात काही वावगं नाही. खेळाडूचे हात एक सांगतात आणि पडदा भलतंच दाखवतो, तिथे गोष्ट हातातून सुटते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तेच आहे.

जिंकलेली मारामारी कटसीनमध्ये हरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त चीड आणते. समजा, परळच्या बंद गिरणीत भाईशी मुकाबला आहे. खेळाडू दीड मिनिट घाम गाळतो, एकही ठोसा अंगावर घेत नाही, भाईची हेल्थ शून्यावर आणतो. पडदा काळा होतो. उजेड येतो तेव्हा नायक गुडघ्यांवर, ओठातून रक्त, आणि भाई त्याच्या बहिणीला घेऊन चाललाय. खेळाडूच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "अरे, पण जिंकलो ना मी?"

मोठेही यात सापडलेत. २०१२च्या मास इफेक्ट ३ या गेममध्ये थेसिया ग्रहावर ‘काय लेंग’ नावाच्या खलनायकाला रीतसर बडवल्यावर तोच कटसीनमध्ये गनशिपच्या (तोफा लावलेल्या यानाच्या) जिवावर सरस ठरतो आणि हवी ती वस्तू घेऊन पसार होतो. खलनायकाचा धाक बसायच्या ऐवजी राग बसला, तोही खलनायकावर कमी आणि लिहिणाऱ्यावर जास्त.

यावर तीन उपाय आहेत, आणि तिन्ही मारामारी बांधतानाच ठरवावे लागतात. पहिला: हेल्थ शून्यावर येऊच देऊ नका. तीसेक टक्क्यांवर सामना तोडा, गिरणीचा माळा कोसळू दे, दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर पडू दे. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: खेळाडूला जिंकू द्या, पण नुकसान दुसरीकडे होऊ द्या. तो वर भाईला बडवत असताना मागच्या दाराने बहिणीला नेलं जातं. भाईची हेल्थ चाळीस टक्क्यांवर आली की खालून व्हॅन सुरू झाल्याचा आवाज सोडा. ज्याने ऐकला त्याच्या पोटात तिथेच गोळा येतो, ज्याने नाही ऐकला त्याला नंतर आठवतो. एका साउंड फाइलचं काम आहे, पण कटसीनच्या घाईत ते कुणाला सुचत नाही.

तिसरा उपाय म्हणजे खरोखर न जिंकता येणारी लढत. ती द्यायचीच असेल तर पहिल्या दहा सेकंदांत कळली पाहिजे: ठोसा लागतो आणि वर "०" उमटतो. अशा लढतीत खेळाडूच्या पिशवीतली औषधं खर्च होऊ देऊ नका. लढतीआधी इन्व्हेंटरीची नोंद घ्या आणि हरल्यावर आकडे होते तसे परत भरा. ठरलेल्या पराभवावर ज्याने सात बाटल्या उधळल्या, तो तुम्हाला माफ करत नाही.

जाता जाता: कटसीनमध्ये नायकाच्या हातात तेच हत्यार दिसू दे जे खेळाडूने घेतलंय. खांद्यावर तोफ असलेला माणूस कटसीनमध्ये सुरुवातीचं पिस्तूल रोखून उभा असतो, ते बघवत नाही. कटसीन गेमच्या इंजिनमध्येच चालत असेल (आधी बनवून ठेवलेला व्हिडिओ नसेल) तर हातातलं मॉडेल बदलायला दहा मिनिटं पुरतात.

टक्क्यांचा घोळ

गोष्ट लिहिणाऱ्यांना वाटतं आकडे प्रोग्रामरचे. मग आठव्या प्रकरणातला "अजिंक्य" राक्षस एका ठोशात आडवा होतो आणि त्याचं लांबलचक भाषण वाया जातं.

हिशेब साधा आहे. सुरुवातीला डॅमेज (नायकाच्या एका ठोशाचा मार) १०, शत्रूची हेल्थ ५०, म्हणजे पाच ठोसे. डॅमेज नायकाच्या दर लेव्हलला (पायरीला) २० टक्के चक्रवाढीने वाढतो आणि शत्रूची हेल्थ नुसती ५ने. दहा लेव्हलनंतर डॅमेज ६२, हेल्थ १००: दोन ठोसे. पंधरानंतर १५४ आणि १२५: एक. सुरुवातीला कुणाला काही जाणवत नाही, कारण चक्रवाढ आधी हळू चालते आणि मग पळत सुटते.

चिलखताचं तर विचारू नका. "मार ३० टक्के कमी" अशा तीन वस्तू घातल्या की ९० टक्के. चौथी घातली की १२०, आणि शत्रूचा ठोसा उलट नायकाची हेल्थ वाढवायला लागतो. हा विनोद नाही, मर्यादा न घातलेल्या कोडमध्ये अगदी हेच होतं. टक्के बेरजेने जोडू नका. चिलखताला गुण द्या आणि आलेल्या माराला १०० भागिले (१०० अधिक गुण) याने गुणा. १०० गुणांना मार निम्मा, ३०० गुणांना पाव, ९०० गुणांना दहावा हिस्सा. शून्य कधीच नाही.

सवय म्हणून एक स्प्रेडशीट ठेवा: आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रकान्यात "साध्या शत्रूला किती ठोसे" आणि "बॉसला (प्रकरणातल्या मोठ्या शत्रूला) किती सेकंद". साध्याला तीन ते पाच ठोसे, बॉसला साठ ते एकशेवीस सेकंद, हा ठोकताळा बहुतेक मारामारीच्या गेमना चालतो. आकडा याबाहेर गेला तर त्यामागे गोष्टीतलं कारण हवं, निष्काळजीपणा नको.

आणि कृपा करून "नायकाबरोबर सगळी दुनिया वाढवा" हा शॉर्टकट घेऊ नका. २००६च्या ऑब्लिव्हियन या गेममध्ये तेच केलं होतं. नायक मोठ्या लेव्हलला पोचला की रस्त्यावरचे भुरटे लुटारू महागडी काचेची चिलखतं घालून येत आणि शंभर नाणी मागत. ते चिलखत विकलं असतं तर लुटायची गरजच पडली नसती! त्यापेक्षा प्रत्येक भागाला किमान आणि कमाल पातळी ठरवा. पहिल्या प्रकरणात ज्या चार टपोरींनी रडवलं, त्यांना सातव्या प्रकरणात एका हाताने उडवता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी तर खेळाडू लेव्हल चढवत असतो.

ताकदीने सुटेल असाच प्रश्न देणं

सुपरमॅनला मारणार कसं, हा जुना तिढा. २००६च्या सुपरमॅन रिटर्न्स गेमने हेल्थ बार त्याच्या डोक्यावरून काढून मेट्रोपोलिस शहराला दिला. नायकाला काही होत नाही, शहर पडतं. गेम बाकी बेतासबात, पण ही कल्पना उचलण्यासारखी.

आपल्याकडे तर उदाहरणं अंगणात पडलीत. दहीहंडीत सगळ्यात दणकट गडी सगळ्यात खाली असतो, आणि हंडीला हात लागतो तो सगळ्यात हलक्या पोराचा. असा लेव्हल बांधा की नायकाचं बळ फक्त थर धरायच्या कामाचं. किंवा दोन जागा एकाच वेळी पेटवा: एक भांडुपला, एक वरळीला. दोन्हीकडचा टाइमर पडद्यावर ठेवा आणि मधलं अंतर असं बेता की नायक एकीकडेच वेळेत पोचेल. ताकद शाबूत, निवड अवघड.

कर्णाची वासवी शक्ती बघा. अमोघ, पण एकदाच वापरायची. अर्जुनासाठी राखलेली, घटोत्कचावर खर्च झाली. कुठल्याही गेम डिझायनरने हेवा करावा असं हत्यार! फक्त हे गेममध्ये आणताना खेळाडूची कंजुषी लक्षात घ्या. एकदाच चालणारी वस्तू तो शेवटपर्यंत पिशवीत जपतो. मधल्या प्रकरणात आपला माणूस डोळ्यांसमोर मरतोय इतका दाब आला तरच हात सुटतो. शेवटचा बॉस त्या हत्याराशिवायही हरवता आला पाहिजे, आणि दोन्ही वाटा खेळून तपासा. नंतर तेच हत्यार दुकानात विकायला ठेवलंत तर सगळं मुसळ केरात.

बाकीच्या फुटकळ चुका

मेलेल्याला उठवणारं औषध गेममध्ये आहे आणि गोष्टीत नायिका मरते. फायनल फँटसी ७ (१९९७) खेळलेले लोक आजही विचारतात की दुकानात ३०० गिलला (गेममधलं चलन) फिनिक्स डाउन हे औषध मिळत असताना एरिथसाठी का नाही वापरलं. उपाय फुकटचा आहे: लढाईत पडलेल्याला "मेला" म्हणू नका, "बेशुद्ध" म्हणा, आणि औषध शुद्धीवर आणणारं ठेवा.

सुरुवातीला सगळ्या शक्ती देऊन मग काढून घेणं. चालतं, पण खेळाडूच्या डोळ्यांदेखत आणि कारणासकट. सिंफनी ऑफ द नाइटमध्ये (१९९७) साक्षात मृत्यू येऊन नायक अलुकार्डची सामग्री हिसकावतो. "डोक्याला मार लागला, सगळं विसरला" हे आता बस झालं.

ड्रॅगन मारणाऱ्याला गावचा पहारेकरी अजून "ए पोरा" म्हणतो. प्रत्येक मोठ्या प्रकरणानंतर पाच-सहा नवे संवाद लिहा. तेवढे पुरतात.

चारशे माणसं मारून नायक एका मृतदेहापाशी ढसाढसा रडतो. एक तर माणसं कमी करा, नाहीतर अश्रू.

आणि शेवटची, नवशिक्यांची लाडकी. बनवणारा स्वतः महिनोन्‌महिने "मार लागत नाही" हे चीट चालू ठेवून गेम तपासतो, कारण पुढचा लेव्हल पटकन बघायचा असतो. त्याला आपला नायक तगडा आहे की लेचापेचा हे माहीतच नसतं. आठवड्यातून एक दिवस चीट बंद करून पहिल्यापासून खेळा. शिवाय गेम कधी न पाहिलेल्या पाच जणांना कंट्रोलर द्या आणि मागे गप्प उभे राहा. "इथे उडी मार" असं एकदा जरी बोललात तरी त्या माणसाची चाचणी बाद धरा आणि सहावा शोधा.