रिकामा मॅप टाकून बघा

ड्रूल्समध्ये (जावातलं नियम चालवणारं इंजिन) लिहिलेला कुणाचाही नियमसंच माझ्या हातात आला की मी सगळ्यात आधी त्यात एक रिकामा मॅप (नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा) टाकते. मग सगळे नियम चालवते आणि कोण कोण उठतं, म्हणजे कुणाची अट खरी ठरते, ते बघते. ज्या मॅपमध्ये काहीच नाही त्यावर जो नियम उठला, तो माझ्या लेखी संशयित.

ही सवय एका फजितीतून लागली. ऑर्डरी तपासायच्या होत्या. माहिती जेसॉनमधून यायची आणि प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळा क्लास लिहायचा कंटाळा, म्हणून सगळं हॅशमॅपमध्ये (जावाचा नेहमीचा मॅप) भरून थेट इंजिनात सोडलं. नियम साधा होता, रद्द नसलेली ऑर्डर रवाना करा (व्हेन हा अटीचा भाग, धिस म्हणजे तोच मॅप, != म्हणजे 'समान नाही'):

व्हेन
$ऑर्डर : मॅप( धिस["स्थिती"] != "रद्द" )

(चावीची नावं इथे मराठीत लिहितेय, जावाला ती चालतात. आणि 'की' न म्हणता 'चावी' म्हणतेय, कारण 'की ती की' असं वाक्य मलाच वाचवत नाही.)

समोरून येणाऱ्या माहितीत चावी होती "स्थिति". ऱ्हस्व. मॅपला नसलेली चावी विचारली की तो नल, म्हणजे 'काहीच नाही', देतो, आणि नल काही "रद्द" नव्हे. म्हणजे अट खरी. रद्द झालेल्या ऑर्डरीसुद्धा रवाना! कुठे एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. अट उलटी, म्हणजे 'समान आहे का' (==) अशी असती, तर नियम नुसता गप्प बसला असता. तेही वाईटच, पण निदान काही रवाना झालं नसतं. तेव्हा पहिलं काम हे करा: मॅपवर जिथे जिथे 'नाही' ची अट आहे, तिथे आधी चावी आहे का ते विचारा. धिस["स्थिती"] != null असं एक कलम पुढे जोडलं तरी भागतं. 'चावीच नाही' आणि 'चावी आहे पण व्हॅल्यू नल आहे' यांत तुमच्या कामाला फरक पडत असेल, तर कन्टेन्सकी (चावी आहे का एवढंच सांगणारी मेथड) वापरावं लागेल, कारण व्हॅल्यू काढणारा गेट दोन्हीकडे नलच देतो.

चावीच्या नावातले घोळ डोळ्यांना दिसतातच असं नाही. सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बीओएमचं (एन्कोडिंगची खूण) अदृश्य अक्षर असलं तर ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून येतं. बाकी सगळे रकाने सापडतात, पहिलाच सापडत नाही. देवनागरी चाव्या असतील तर 'ऱ' वर लक्ष ठेवा. तो एका कोडपॉइंटनेही (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असा दोन कोडपॉइंटनेही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जावाच्या इक्वल्सला (समानता तपासणारी मेथड) ते वेगळे. मॅप भरतानाच बीओएम काढून टाकायचं (ट्रिमने ते जात नाही), चावी ट्रिम करायची आणि नॉर्मलायझरमधून एनएफसी, म्हणजे एकाच ठरावीक रूपातली, करून घ्यायची. हे नियमात करू नका, दारातच करा.

आता मुद्दा असा की इंजिनला मॅप मुळात दिसतो कसा. ड्रूल्सच्या मुळाशी चार्ल्स फोर्गी यांचा रेटे अल्गोरिदम आहे, त्यांच्या 1979च्या प्रबंधातला. रेटे म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. ड्रूल्स 6पासून फ्रीक नावाचा त्याचा पुढचा अवतार आला, पण जाळ्याची कल्पना तीच: फॅक्ट (इंजिनात टाकलेला माहितीचा ऑब्जेक्ट) आत आलं की आधी त्याचा प्रकार बघून त्याला त्या त्या फांदीवर पाठवायचं. ऑर्डर इकडे, ग्राहक तिकडे. तुम्ही सगळंच मॅप म्हणून टाकलंत तर ही पहिली चाळणीच निकामी होते. ग्राहकाचा मॅप ऑर्डरीच्या नियमासमोरही उभा राहतो, आणि वरच्या 'रद्द नाही' सारख्या अटीतून सुखाने पारही होतो. मॅपचं जेनेरिक रूप (आत कुठल्या प्रकारची माहिती आहे ते सांगणारं) लिहून सुटका होत नाही, कारण ती माहिती जावा चालताना पुसलेली असते. इंजिनला दिसतो नुसता मॅप.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मॅपला वेष्टन घालणं. ऑर्डर नावाचा छोटा क्लास, त्यात माहिती नावाचा एक मॅप, बस. मग नियमात

$ऑ : ऑर्डर( माहिती["स्थिती"] == "नवी" )

असं लिहायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ग्राहक-ऑर्डरीची सरमिसळ तिथेच थांबते. ज्या चाव्या दर वेळी असतातच, त्या मात्र मॅपमधून बाहेर काढून सरळ फील्ड करा. नियमांच्या फाइलमध्येच डिक्लेअर करून प्रकार बनवता येतो, वेगळा जावा क्लासही लागत नाही. फील्डच्या नावात चूक झाली तर नियम कंपाइलच होत नाही. समोरच्या माहितीतल्या नावानेच फील्ड केलं असतं, तर माझी ती ऱ्हस्व-दीर्घाची फजिती अर्ध्या मिनिटात पकडली गेली असती.

व्हॅल्यूच्या प्रकाराची डोकेदुखी वेगळी. जॅक्सनने (जेसॉन वाचणारी जावा लायब्ररी) जेसॉन मॅपमध्ये वाचलं तर 500 हा इंटिजर होतो, 500.0 हा डबल, आणि आकडा 2147483647च्या पुढे गेला तर लाँग. कुणी अवतरणात "500" पाठवला तर ती स्ट्रिंग. जावाच्या इक्वल्सनुसार इंटिजर 500 आणि लाँग 500 समान नाहीत. स्ट्रिंगांची तुलना अक्षरांनी होते, म्हणून "9" हा "10" पेक्षा मोठा ठरतो. ड्रूल्स काही ठिकाणी प्रकार आपणहून जुळवून घेतं, पण त्याच्या भरवशावर बसू नका. मॅप भरणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक आकडी चावीचा एकच प्रकार ठरवा, पैशांसाठी बिगडेसिमल (अचूक दशांशांचा प्रकार).

आता बदलाकडे. नियमाच्या देन भागात (अट खरी ठरल्यावर करायचं काम) मॅपमध्ये नुसतं पुट केलंत तर इंजिनला पत्ता लागत नाही. अपडेट म्हणावंच लागतं. आणि अपडेट म्हटलं की मॅपमधली नेमकी कुठली चावी बदलली हे त्याला बारकाईने कळत नाही, म्हणून तोच नियम पुन्हा जागा होतो, पुन्हा पुट, पुन्हा अपडेट, आणि गरगर सुरू. लोक इथे नो-लूप लावून मोकळे होतात. त्याने नियम स्वतःला जागं करत नाही इतकंच. दोन नियम एकमेकांना जागं करत राहिले तर नो-लूप बघत बसतं. त्यापेक्षा अटीतच धिस["सूट"] == null असा पहारा ठेवा. (हो, हा नियम माझ्या रिकाम्या मॅपच्या परीक्षेत उठू शकतो. संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे. बघायचं आणि सोडून द्यायचं.) मला स्वतःला आवडतं ते निष्कर्ष मॅपमध्ये न कोंबणं. सूट नावाचं वेगळं फॅक्ट इन्सर्टलॉजिकलने टाका. अट खोटी ठरली आणि तुम्ही तो बदल इंजिनला कळवलात, की ते फॅक्ट आपोआप मागे घेतलं जातं.

एका सेटिंगपाशी जरा थांबते, कारण त्याने माझे दोन दिवस खाल्ले. फॅक्ट आधीच आत आहे का हे ड्रूल्स ओळखीवरून ठरवतं, म्हणजे तोच ऑब्जेक्ट आहे का ते बघतं. हे बदलून समानतेवर नेता येतं, आणि कुणीतरी दुहेरी नोंदी टाळायला तसं नेलं होतं. समानता म्हणजे इक्वल्स आणि हॅशकोड (ऑब्जेक्ट कुठल्या खणात जाईल ते ठरवणारा आकडा). हॅशमॅपचा हॅशकोड त्यातल्या मजकुरावरून निघतो. मजकूर बदलला की हॅशकोड बदलतो, आणि इंजिन त्या मॅपची नोंद जुन्या खणात ठेवून नव्या खणात शोधत बसतं. अपडेट केलेला मॅप सापडतच नव्हता. समानतेचा प्रकार हवाच असेल तर बदलणारा मॅप फॅक्ट म्हणून टाकू नका. वेष्टनाच्या क्लासला आयडीवर आधारलेले इक्वल्स-हॅशकोड द्या.

चाव्या आधी माहीतच नसतील, फॉर्ममध्ये रोज नवा प्रश्न येत असेल, तर मॅपला पर्याय नाही. तिथेही दोन वाटा आहेत. एक, एन्ट्री() फ्रॉम $ऑ.माहिती.एन्ट्रीसेट() असं लिहून जोड्या एकेक करून तपासायच्या. लहान मॅपला ठीक. पण या जोड्या वर्किंग मेमरीत (इंजिनातला फॅक्टांचा साठा) नसतात, फ्रॉम त्या दर वेळी नव्याने काढतो. दुसरी वाट, प्रत्येक जोडीचं स्वतंत्र फॅक्ट करायचं: उत्तर(ऑर्डरआयडी, चावी, व्हॅल्यू). फॅक्टांची संख्या वाढते, पण 'दोन वेगळ्या चाव्यांना सारखंच उत्तर आलंय का' असले नियम सरळ लिहिता येतात, आणि एक उत्तर बदललं तर तेवढंच अपडेट होतं. चाव्या वीसच्या वर गेल्या की मी हीच वाट धरते.

राहिला संदर्भाचा तक्ता, म्हणजे कोड आणि त्याचा दर असा मॅप. तो ग्लोबल (नियमांना वापरता येणारा, पण फॅक्ट नसलेला ऑब्जेक्ट) म्हणून द्यायला हरकत नाही, पण सत्र चालू असताना बदलणार नसेल तरच. ग्लोबलमध्ये झालेला बदल इंजिन पाहत नाही. अटी जुन्या दरावर ठरतात आणि देन भागात नवा दर छापला जातो. दर बदलणारे असतील तर त्यांनाही फॅक्ट करा.