आरसी गाडीचं स्टिअरिंग बिघडलं? सर्व्होला दोष देण्याआधी या चुका टाळा

रिमोटवर चालणारी (आरसी) गाडी सरळ जात नाही, डावीकडे वळते पण उजवीकडे वळायला मागत नाही, नाहीतर पुढची चाकं उगाच थरथरतात. यातलं काहीही झालं की बहुतेकांचा निकाल तयार असतो: सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, गेला. मग नवा मागवायचा, बसवायचा, आणि गाडी पुन्हा होती तशीच. कारण दोष बऱ्याचदा सर्व्होच्या अलीकडे असतो, म्हणजे वीज आणि सिग्नलमध्ये. नाहीतर पलीकडे, चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांमध्ये. सर्व्हो बिचारा मधल्यामध्ये बदनाम होतो.

सगळ्यात आधी, आणि फुकटात, तपासायची गोष्ट म्हणजे रिमोट. रेडीमेड गाड्यांच्या रिमोटवर स्टिअरिंग किती वळावं हे ठरवणारी एक गोल कळ असते, तिच्यावर बहुधा ‘एसटी डी/आर’ लिहिलेलं असतं. घरात लहान मूल असेल तर ही कळ कमीत कमीवर फिरवलेली सापडण्याची शक्यता दाट. चाकं जेमतेम हलतात आणि आपण पाना-पेचकस घेऊन गाडी उघडायला बसतो.

रिमोट ठीक असेल तर पुढची चूक टाळा: सर्व्हो लिंकेजला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांना, जोडलेला ठेवूनच निदान करत बसणं. हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या शाफ्टवर बसलेला छोटा हात, त्याचा मधला स्क्रू काढून वेगळा करा. आता बिघाडाचे दोन तुकडे झाले. रिमोट फिरवला की नुसता सर्व्हो दोन्ही बाजूंना सारखा, न अडखळता फिरायला हवा. आणि गाडी उचलून चाकं हाताने वळवली तर दोन बोटांच्या जोरावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवीत.

चाकं घट्ट वाटली तर सर्व्होला हात लावू नका, दोष पुढे आहे. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानांवर हे फार होतं. बेलक्रँक म्हणजे सर्व्होची हालचाल दांड्यांकडे पोचवणारा तुकडा; त्याच्या बुशमध्ये (खांबावर फिरणाऱ्या कड्यात) बारीक लाल धूळ शिरते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरून बसतो. बेलक्रँक काढून बुश आणि खांब ब्रशने साफ करा. टाय रॉड, म्हणजे चाकाला जोडलेली दांडी, सपाट काचेवर लोळवून पाहा, वाकलेला असेल तर लगेच कळतो. चाकं एकाच बाजूला अडत असतील तर चॅसिस आणि बेलक्रँकच्या मध्ये एखादा खडा अडकलाय का ते टॉर्च मारून बघा. हसू येईल इतकं साधं कारण आहे, पण आढळतं.

गाडी हातात उचलली की चाकं झकास वळतात आणि जमिनीवर ठेवली की ढिम्म, ही तक्रार वेगळी. इथे अंदाज लढवण्यापेक्षा वरचं कव्हर काढा, गाडी जमिनीवर ठेवा, स्टिअरिंग फिरवा आणि फक्त हॉर्नकडे बघत राहा. हॉर्न पूर्ण वळतोय पण चाकं मागे राहतात, तर सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग ढिली आहे. सेव्हरचं काम धडक बसल्यावर थोडं सरकून गिअर वाचवण्याचं. तो फार ढिला असला तर रोजच्या वळणावरच सरकतो. त्याची नट थोडी आवळा. पूर्ण आवळू नका, नाहीतर पुढच्या धडकेचा सगळा मार सर्व्होच्या दात्यांवर जाईल. हॉर्नच अर्ध्यात थांबून गुणगुणत असेल तर सर्व्होची ताकद कमी पडतेय किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाहीये. आणि त्याच वेळी रिसीव्हरचा (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डब्याचा) दिवा लुकलुकला तर संशय थेट विजेवर.

विजेकडे लोक सहसा बघतच नाहीत, म्हणून इथे जरा थांबू. सर्व्होला वीज मुख्य बॅटरीतून थेट मिळत नाही. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग; त्यातला बीईसी (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ती ५ किंवा ६ व्होल्टवर आणून रिसीव्हरमार्फत देतो. स्वस्त ईएससीचा बीईसी १ ते २ अँपिअरचा असतो. आता त्यावर कोणी एमजी९९६आर हा तगडा सर्व्हो लावला, तर तो अडकल्यावर ६ व्होल्टला अडीच अँपिअरपर्यंत खेचतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि आपल्याला वाटतं सर्व्हो झटके देतोय. तगडा सर्व्हो बसवल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली, तर पहिला प्रश्न बीईसीला विचारा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर (प्लग लावायच्या जागेवर) मल्टिमीटर लावा, गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवा. ५ व्होल्टच्या बीईसीवर आकडा ४.५ च्या खाली जात असेल तर वेगळा, मोठा बीईसी लावावा लागेल. क्षणभराचा झोल (व्होल्टेजची घसरण) मात्र मल्टिमीटर पकडत नाही, म्हणून रिसीव्हरच्या दिव्यावरही लक्ष असू द्या. रिकाम्या चॅनलवर मोठा कपॅसिटर लावण्याची युक्ती असे छोटे झोल भरून काढते. मुळातच कमी पडणारा बीईसी तिने मोठा होत नाही.

उलटी चूकही होते. ७.४ व्होल्टचा हाय व्होल्टेज सर्व्हो ५ व्होल्टवर सुस्त चालतो, तो बिघडलेला नसतो. पण ६ व्होल्टचा सर्व्हो थेट २एस लायपोवर (दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर) जोडलात तर वाचणं कठीण.

आता थरथर. रिसीव्हर सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मध्यावर, १ आणि २ च्या आसपास दोन टोकं. आपण नेमके कुठे आहोत हे सर्व्होला आतला पॉटेन्शिओमीटर सांगतो, ज्याला सगळे ‘पॉट’ म्हणतात. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे पॉटचा मधलाच पट्टा सर्वात आधी झिजतो. म्हणून थरथर फक्त मध्यावर आणि टोकांना शांत, तर पॉट झिजलाय. सगळीकडेच थरथर, तर वायर, कनेक्टर किंवा वीज. वायर सर्व्होतून जिथे बाहेर पडते तिथल्या रबराजवळ ती आतून तुटते, वरचं आवरण शाबूत दिसतं. सर्व्हो चालू ठेवून तिथेच बोटाने हलवा. झटका आला की चोर सापडला. पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही दिवस निघतात, पण त्यावर शर्यतीला जाऊ नये.

निर्वाळा देणारं हत्यार म्हणजे सर्व्हो टेस्टर, काहीशे रुपयांत मिळतो. नसेल तर सर्व्हो रिसीव्हरच्या थ्रॉटलच्या चॅनलवर लावून बघता येतं. मात्र वीज मिळण्यासाठी ईएससी तेव्हा स्टिअरिंगच्या चॅनलवर लावावा लागतो, म्हणजे रिमोटचं चक्र फिरवलं की गाडी धावेल. मोटरच्या तारा आधी सोडा, हे विसरू नका. प्लग उलटा लागला तरी घाबरू नका: लाल तार मधोमध असल्यामुळे सहसा काही जळत नाही, नुसतं चालत नाही.

फिरताना कट-कट आवाज आणि मधेच मोकळं फिरणं, म्हणजे दाते गेले. बंद सर्व्होचा हॉर्न हाताने जोरात पिळून बघायची सवय हे त्याचं एक मोठं कारण, विशेषतः प्लास्टिक गिअरमध्ये. बऱ्याच सर्व्होंचा गिअर सेट वेगळा मिळतो. खालचे चार लांब स्क्रू काढून वरचं झाकण सरळ उचला आणि गिअर हलवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. तुटलेला दाता ग्रीसमध्ये रुतलेला असतो, तो शोधून काढल्याशिवाय नवे गिअर घालू नका. पातळ तेलाचा स्प्रे मारू नका, तो ग्रीस धुऊन टाकतो.

सर्व्हो खरोखरच गेला असेल तर मागवण्याआधी त्याच्या तारा मोजा. काही स्वस्त गाड्यांत पाच तारांचा सर्व्हो असतो; त्याचं डोकं रिसीव्हरच्या बोर्डावर असतं. तिथे तीन तारांचा सर्व्हो लावायचा तर रिसीव्हर, अनेकदा ईएससी आणि रिमोटही बदलावा लागतो. शाफ्टचे दातेही बघा, त्यांची संख्या कंपनीनुसार बदलते: फुटाबा २५, हायटेक २४, सान्वा २३. चुकीचा हॉर्न ठोकून बसवला तर शाफ्ट खराब होतो.

बसवताना रिमोट आधी चालू, ट्रिम (सर्व्होचा मध्य थोडा सरकवणारी रिमोटची कळ) शून्यावर, मग गाडी चालू, सर्व्हो आपोआप मध्यावर येऊ द्या आणि त्यानंतरच हॉर्न लावा. हॉर्न एखाद्या दात्याने तिरका बसला तर तेवढ्यापुरतं ट्रिम किंवा सबट्रिम वापरा. तीस अंश तिरका हॉर्न ट्रिमने सरळ करायला गेलात तर एका बाजूचं वळण संपून जाईल. शेवटी स्टिअरिंग पूर्ण वळवून धरा. टोकाला सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो चॅसिसशी झुंजतोय आणि तापतोय. रिमोटमधला एंडपॉइंट, म्हणजे वळणाची मर्यादा, त्या बाजूने, गुणगुण थांबेपर्यंत, कमी करा. डावी बाजू झाली की उजवीचं वेगळं पाहा, दोन्हीकडे आकडा सारखाच येईल असं नाही.